बिननंबरी

नंबर नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही,
आणि गाडी इथं आणल्याशिवाय नंबर मिळत नाही.
खिडकीतल्या ठवकर बाईंनी हे इतकं शांतपणे सांगितलं
की मला वाटलं, यातून वाट असणारच.

वाट म्हणजे मुनीरभाईचा टेम्पो आणि जाड दोर.
अजनी ते गिरीपेठ.
मे महिना, साडेनऊलाच डांबर मऊ.
स्टिअरिंगवर बाबा. इंजिन मुकं.
"दोरावरच्या गाडीलेही ब्रेक मारायले माणूस लागते,"
असं म्हणून शर्ट खोचून बसले,
कित्वेत खाणीवर निघताना बसत तसे.
रहाटे कॉलनीच्या सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला म्हणाला,
"काकाजी, नंबर कुठाय?"
"तोच आणायले चाललो."

फाइल माझ्या मांडीवर, लग्नातल्या रुखवतासारखी सांभाळलेली:
बिल ऑफ एंट्री, कस्टमची पावती
(गाडीच्या किमतीहून मोठी),
बाबांचा पासपोर्ट, झांबियातून परतल्याचा शिक्का,
विमा, फॉर्म वीस,
प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आणि एक जास्तीची,
कारण मागच्या वेळी तीच मागितली होती.

"आधी कोणत्या राज्यात होती?"
"झांबियात."
बाई यादी वरून खाली नेतात, खालून वर आणतात.
"नाही येत. कम्प्युटर घेत नाही जी."
"मग नवीन दाखवा."
"एकोणचाळीस हजार चाललेली नवीन कशी दाखवू?"
"मग जुनी."
"जुनीला जुना नंबर लागतो. इथला."
पंख्याखाली थोडा वेळ आम्ही दोघी
एकाच बाजूच्या झालो.
मग त्यांनी पदराला हात पुसले, आत गेल्या,
आणि कुठल्याशा साहेबाच्या पेनातून
डाव्या कोपऱ्यात एक तिरकी सही आली.

बाहेर झाडाखाली गजभिये इन्स्पेक्टर,
बॉनेटखाली वाकलेले, कानावर पेन्सिल.
चॅसिसवर कागद ठेवून घासत होते,
आम्ही लहानपणी चार आण्याचं नाणं घासायचो तसे.
काळ्या धुरातून एकेक अक्षर वर आलं.
गाडी इतकी वर्षं हे पोटात धरून होती,
आणि शेडमध्ये तिच्यावर आम्ही फक्त
जुनी चादर टाकून ठेवली होती.

दाराच्या फटीत बोट फिरवून ते म्हणाले,
"ही माती आपली नाही वाटत."
"तिकडची. तांब्याच्या खाणीची," बाबा म्हणाले.
इन्स्पेक्टरनी बोट पँटला पुसलं नाही,
नुसतंच बघत राहिले.
फॉर्ममध्ये मातीचा रकाना नव्हता.

मग म्हणाले, "काका, सीट मागं घ्या ना.
गुडघे स्टिअरिंगला लागून राहिले तुमचे."
"असू द्या."
"खटका आहे बघा खाली, दाबून..."
"माहीत आहे. असू द्या."

बाबा सहा फुटाला दोन बोटं कमी.
आई चार फूट अकरा.
बंदराकडे जाणाऱ्या ट्रकवर गाडी चढवायची तेव्हा
बाबांना ताप होता, तिनेच चढवली,
दोन फळ्यांवरून, एका दमात,
आणि उतरून हमालाला म्हणाली, "बघ."
मराठीत.
गाडी समुद्रावर होती तेव्हा आम्ही तिला मेडिकलला नेलं.
गाडी पोचली. चावी बाबांच्या हातात दिली कोणी
ते मला आठवत नाही.
चार वर्षं कागद राहून गेले, असंच आम्ही सगळ्यांना सांगत आलो.

परतीलाही तोच दोर.
अजनीला पोचल्यावर गाठ सुटेना,
मुनीरभाईने विळ्याने कापली,
तुकडा अजून हुकाला आहे.

नंबर तीन आठवड्यांनी आला. एकतीसचाच.
पाट्या लावणाऱ्या पोराने चार स्क्रू पिळले, चहा घेतला, गेला.
बाबांनी चावी माझ्याकडे टाकली.
मी बसले. पाय बरोबर पेडलला टेकले,
काहीच हलवावं लागलं नाही.
बाबा वळसा घालून पलीकडे आले,
त्यांच्या जुन्या जागी बसले
आणि पाय लांब केले.