मानस

चोडणला आमच्या शेताच्या टोकाला मानस आहे.
भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं मिटणारं
जुनं लाकडी दार.
सगुणदादा ते राखायचा. फळी कुजली की कुठे कुजली
हे त्याला पाण्याच्या आवाजावरून कळायचं.

डॉक्टर फुर्तादोंनी फिल्म उजेडाला धरली.
"इथे रक्त साकळलं होतं, ते काढलं. ही सूज, ती उतरेल.
आणि हे..." त्यांचं बोट काळ्या-करड्यावरून
नुसतंच फिरत राहिलं.
"हे फिल्मवर दिसत नाही. आतले धागे ताणले गेलेत.
काही तुटलेत. वाट मोडली की मेंदू दुसरी शोधतो.
किती दिवसांत, ते विचारू नका."

मी विचारलं.

अकरा दिवस बांबोळीला तो पापण्यांच्या आत होता.
मग डोळे उघडले,
पण डोळ्यांत कोण आहे ते वहिनीला ओळखेना.

घरी आणताना फेरीबोटीचा भोंगा झाला
आणि माझा सहा फुटी भाऊ कान धरून
खाली बसला, लोखंडावर, मोटरसायकलींच्या मध्ये.
लोक बघत होते. मी पाण्याकडे बघत होतो.

लविनाबाई दर बुधवारी चित्रांचे पत्ते घेऊन यायच्या.
चमच्याला तो म्हणायचा वल्हं.
छत्रीला, बराच वेळ घाम गाळून, "ती... पावसाची बायको."
आम्ही हसलो. तोही हसला.
मग पेजेची वाटी भिंतीवर फुटली.
संध्याकाळी विचारतो, भिंत कोणी खराब केली?

लहानपणी एकदा बांध फुटला होता.
खारं पाणी आत आलं ते पावसाळा संपेपर्यंत गेलं नाही.
तीन वर्षं शेतात चिंबोऱ्या.
बाबा म्हणायचे, जमीन मेलेली नाही, मीठ प्यायलीय.
पाऊस धुईल. तुम्ही फक्त बांध सांभाळा.
चौथ्या वर्षी कोरगुट आलं, विरळ,
दात पडलेल्या पोरासारखं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

रोज दुपारी, जेवण झालं की, तो विचारायचा,
"कसो पडलों रे हांव?"
आणि मी सांगायचो.
कधी सुणें आडवं आलं. कधी फोंड होता, पाण्यानं भरलेला.
एकदा तर ट्रकवाल्याला शिव्या घालून मोकळा झालो.
तो मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.
इतकी सोय देवसुद्धा कोणाला देत नाही.

चवथीला माटोळी बांधत होतो.
खुर्चीवरून तो वर बघत बसलेला.
अचानक बोलायला लागला, "कांगलां. माटुलिंग.
सुपारीचा कात्रो उलटा बांधलास, गाढवा."
वहिनीच्या हातातला दोरा तसाच राहिला.
चमचा अजून येत नव्हता त्याला,
आणि रानातली फळं एकेक करून परत येत होती.

त्याच दुपारी तोच प्रश्न.
मी म्हटलं, फोंड होता रे.
तो थांबला. कपाळाची शिवण आकसली.
"काल सुणें म्हणालास."

काल.
सात महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे काल होता.
मला धावत जाऊन डॉक्टरांना सांगायचं होतं
आणि मला तिथंच जमिनीत जायचं होतं.

मग सांगितलं. शेवटची फेरी चुकू नये म्हणून
कॉजवेवर मी गाडी पिळली. खिशात फोन वाजला,
तो बघायला मी एक हात सोडला.
हेल्मेट एकच होतं. माझ्या डोक्यावर.

तो बराच वेळ माटोळीकडे बघत राहिला.
कुठलं तरी दार ढकलत असावा,
किंवा नसेलही, नुसता दमला असेल.
बाहेर भरती लागत होती.

मग म्हणाला,
"आणि फेरी? मिळाली?"

नाही, दादा.