दंडगोल क्रमांक सतरा

औसा रोड, लातूर. लॅबचा पत्रा मे महिन्यात तापतो तसा तापलेला.
बसलिंगमामा सिलेंडर मांडीवर घेऊन
पॉलिश पेपरनं घासतायत, मग फुंकर, मग पुन्हा.

हे सगळे एकदा मीच मोडलेत.
पूर्ण नाही. बाहेरून कळू नये इतपत.
मग इपॉक्सी, कार्बनचं काळं कापड, दोन पदर,
हवा राहू नये म्हणून वरून रोलर,
आणि सात दिवस कुणी हात लावायचा नाही.

कापड आधी काहीच करत नाही.
आतलं फुगायला लागलं, बाहेर यायला बघायला लागलं
की मग आवळतं.
तोवर नुसता काळा रंग.

सोळा नंबर झटक्यात दाबला. अडीच सेकंद.
बार फुटावा तसा आवाज, आकडा झकास.
सरांनी आलेख मोबाईलवर मागवला,
अंगठा पाठवला.
मामा तुकडे गोळा करत म्हणाले,
घाईघाईनं मारलं की कोणबी ताठच दिसतंय, म्याडम.
जरा सावकाश दाबून बघा.

सतराला रात्री नऊला बसवलं.
काटा हलतोय की नाही, कळत नव्हतं.
मामांनी डबा उघडला : ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
अर्धी मला.
गावच्या टाकीचं बोलत राहिले.
आपलं हे कापड पुढं तिच्याच खांबांना लागणार म्हणून.
पाणी आठ दिवसाला येतंय. भरती हळू, सरती हळू.
तिला कोण झटका देतंय?
मग भाकरीचा तुकडा हातातच राहिला.
एकदा बसला होता की, म्हणाले. पहाटंचा.
पुढं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.
तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

टिक.
बराच वेळ काही नाही.
टिक.
कापडातला एखादा धागा, किंवा डिंक.
साडेबाराला कुरकुर वाढली, एकला पाच कमी असताना
कंबरेत उसवलं.

दोघांना टेबलावर शेजारी ठेवलं, बॅटरी मारली.
सोळाची भेग खडीतून आरपार गेलेली,
आपला काळा दगड, सुरीनं कापल्यासारखा.
सतराची एकाही खडीला शिवलेली नाही.
प्रत्येकीला वळसा घालत, मऊ मऊ धरत,
मी केलेल्या जुन्या भेगा
एकेक विचारत विचारत गाठल्या तिनं.
तिला वेळ होता.

आकडा सोळापेक्षा कमी. वहीत लिहिला.
तक्त्यात वेगाचे तीन रकाने आहेत,
सगळ्यात हळू रकाना चार तासांचा.
तीस वर्षांचा नाही.

बोटात कार्बनचं कूस गेलंय.
दिसत नाही, दाबलं की आहे.
मामा झाडू भिंतीला टेकवून विचारतायत,
अठराला किती टाइम द्यायचा?