आधण

सरकारी दवाखान्याच्या मागच्या गेटाशी
तीन दगड, एक जर्मनचं पातेलं
आणि नीलावती आत्या.
रोज साडेपाचला ती आधण ठेवायची.
डाळ अजून यायची असायची.

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर,
रोजच्या रोज चिल्लर जुळवून
मगच झोपणारा माणूस.
आत्याची वही माझ्याकडे आली, तेव्हा
डाव्या बाजूला होतं: तांदूळ अडीच किलो,
कुणाच्या तरी लग्नातला उरलेला येसर, मीठ.
उजव्या बाजूला: चार नंबर वॉर्डचे अकरा,
बाळंतिणींसोबतच्या सासवा,
जळीत पेशंटचा भाऊ,
केजचे, धारूरचे, एक तर थेट गंगाखेडचा,
ज्यांना अख्ख्या अंबाजोगाईत
जेवलात का म्हणून कुणी विचारणार नाही.

वही कधीच जुळली नाही.

म्हटलं, आत्या, आधी सामान, मग चूल.
साऱ्या जगाची रीत आहे ही.
तिनं फुंकणी खाली ठेवली.
"लेकरा, पाव्हना दारात आल्यावर
घर झाडाया घेत्यात व्हय?
चूल पेटली की त्याला धूर दिसतो.
दिसला की मग त्यो बगतो
कुनाला धाडायचं ते."

आणि यायचं कुणी ना कुणी,
हे मला लिहावंच लागलं.
मोंढ्यातला चन्नाप्पा तुरीची चुरी घेऊन,
पगाराच्या दिवशी नर्सबाई तेलाची पिशवी घेऊन,
भाजीवाला रफिक पिवळी पडत आलेली मेथी.
एकदा एक जण झोकांड्या खात आला,
मी हाकलायला उठलो,
तर पाच किलो डाळ ठेवून
नाव न सांगता निघून गेला.
मी लिहिलं: अनोळखी इसम, पाच किलो.
देव असा रकाना वहीत नव्हता.

मग पौषातली ती संध्याकाळ.
बालाघाटावरून वारा असा येत होता
की जाळ दगडांबाहेर पळायचा.
मोंढा बंद. चन्नाप्पा लातूरला.
आधण उकळत राहिलं.
सात. साडेसात.
ताटल्या रांगेत मांडलेल्या.
मी गेटाकडे बघत होतो, ती पातेल्याकडे.
आठ वाजता मी बोललो,
जरा जोरातच बोललो, कबूल करतो:
दिसला का गं त्याला धूर?

आत्या काही बोलली नाही.
आटलं होतं तेवढं पाणी
तिनं पुन्हा पातेल्यात ओतलं.
मला त्या ओतण्याचाच जास्त राग आला.

त्या रात्री तिथं कुणी जेवलं नाही.
हे वहीत आहे, मी लपवणार नाही.
अकरा जण मोकळ्या ताटल्या घेऊन परतले.
एकानं शिवी दिली.
आत्यानं ती मान खाली घालून घेतली,
गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून.

साडेआठच्या पुढे कधीतरी
एक म्हातारी अनवाणी पळत आली.
"सून मोकळी झाली माय, पोरगी झाली.
आत नळाला बरफावानी पानी हाय.
बाळंतिनीचं अंग पुसाया
कुटं ऊन पानी गावंल का?"

आत्या उठली.
दोन बादल्या भरल्या.
तिसरी शेजारच्या खाटेवरचीला.
पातेलं रिकामं झालं
तेव्हा तळाशी फक्त चुन्याचा पांढरा थर होता.

रात्री वही उघडली.
उजव्या बाजूला लिहिलं: ऊन पाणी, तीन बादल्या.
डाव्या बाजूला काय लिहायचं ते सुचेना.
बराच वेळ पेन उघडंच राहिलं,
सकाळी बघतो तर शाई वाळलेली.

दुसऱ्या दिवशी
आत्या यायच्या आधीच मी गेटाशी पोचलो.
दगड सरळ केले.
पिशवीत मूठभर कण्या होत्या,
माझ्या स्वतःच्या घरच्या.
पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, काटक्या सारल्या.
धूर आधी माझ्याच डोळ्यांत गेला.
मग वर चढला,
लिंबाच्या फांद्यांमधून,
दवाखान्याच्या टाकीवरून, आणखी वर.

दिसत असेल,
नसेल.

मी फुंकणी उचलली.