पॅकिंगची तारीख

दिंडोरी नाक्याच्या पुढं, भंगारवाल्याला लागून माझं दुकान.
पाटी नाही. फवारणीचे पंप उलटे टांगलेत,
तीच पाटी.

मोहाडीच्या सुगंधाताई पेखळे पंप घेऊन आल्या,
दोरी ओढून ओढून तळहाताला फोड.
"इंजिन गेलं हो मिस्त्री."
इंजिन असं सहजी जात नाही.
मी टाकीचं झाकण काढलं, नाक पुढं केलं.
पेट्रोलचा तो डोक्यात चढणारा वास नव्हताच,
जुन्या कपाटाच्या वार्निशचा होता.

काचेच्या बरणीत ओतलं, उजेडाला धरलं.
वर कोरा चहा, तळाला बोटभर धूसर थर.
"हे खालचं पाणी. कुणी घातलं नाही.
पेट्रोलात आता इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं.
कशात ठेवता?"
"कोल्ड्रिंकच्या बाटलीत. पत्र्याखाली. संक्रांतीपासून."

आणि आता मे.
दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो,
अर्धी बाटली फुगते, आकसते,
हलकं असतं ते उडून जातं,
जड मागं राहतं, चिकट होतं.

कार्बोरेटर खोलला. जेटच्या भोकात
गुळाच्या पाकासारखं काही बसलेलं.
पंचवटीतल्या एका सतारियानं दिलेली तुटकी तार
मी त्यासाठीच जपलीय.
ती फिरवली, फुंकर मारली,
पलीकडं उजेड दिसला, मोहरीएवढा.

बाई गप्प होत्या. मग एकदम हसल्या.
पॅकहाउसमध्ये अकरा हंगाम काढलेत त्यांनी :
माल तोडायचा तो ऊन चढायच्या आत,
पेटीत कागद, गंधकाचा पॅड, शून्य अंशाची खोली,
खोक्याखोक्यावर तारीख, वाण, लॉट.
"साता समुद्रापारच्या घासासाठी एवढं,
अन् घरच्या पंपाला
कोल्ड्रिंकची बाटली!"

पुढच्या मंगळवारी परत आल्या. पंप ठणठणीत होता.
डबा दाखवायला आल्या होत्या, लोखंडी, घट्ट बुचाचा,
गळ्याशी दोन बोटं मोकळी ठेवून भरलेला.
"चुलीपासून लांब, उत्तरेच्या भिंतीला ठेवणारे."
डब्यावर खोक्याचं स्टिकर : थॉमसन.
ते खोडून पेनानं, पेट्रोल. १९ मे.
जुलैच्या आत संपवणे.

मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं
आणि लाईट गेली.
दुकानामागं माझा जनरेटर, दिवाळीपासून तसाच.
दोरी ओढली. एकदा. चारदा.

ताई काही बोलल्या नाहीत.
झाकण काढलं,
आणि नाक पुढं केलं.