पिवळी पट्टी

निबाल्दोनं आधी काळीच पट्टी उचलली.
दुसरं काय करणार.
बत्तीस वर्षं वाल्पराइसोच्या धक्क्यावर ज्यानं
साखरेची पोती उतरवली, तांब्याचे पत्रे चढवले,
तो पिवळीकडे बघेल?

दुकानातली मिलेन्का, नखं हिरवी, गळ्यात मोजपट्टी,
म्हणाली, आजोबा, दाराच्या कडीत अडकवा,
कोपर अंगाशी, आता ओढा. पंधरा वेळा.
शेवटच्या दोन-तीनला दम लागू दे,
पण खांदा कानाशी बोलायला गेला
तर ती पट्टी तुमची नव्हे.

पहिल्याच ओढीला गेला.
मी मोज्यांच्या रॅककडे पाहत राहिले.
एवढ्या संसारात हे मात्र शिकले,
कुठं बघायचं नाही ते.

काळी गेली, निळी गेली, हिरवी, लाल.
जुलैच्या थंडीत खांद्यात बसवलेले तीन स्क्रू
एकेका रंगाला नाही म्हणत गेले.
पिवळीवर तो पंधरापर्यंत पोचला
आणि दुसऱ्याच टेबलाचं बिल हाती आल्यासारखा
तिच्याकडे बघत उभा राहिला.

मग माझी पाळी.
शाळेच्या स्कर्टांना इलॅस्टिक लावण्यात माझा जन्म गेलाय.
रबर हाती आलं की मी कंपनीचं नाव-गाव विचारत नाही.
ताणून उजेडासमोर धरते:
केसाएवढी चीर दिसते का, कड पांढरी पडते का,
सोडल्यावर मुकाट मूळ लांबीवर येतं
की जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं लांबतच राहतं.
तीन पिवळ्या परत केल्या. चौथी घेतली.
तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात;
कुठून तुटेल ते आधी बघून ठेवावं, असं कुणी म्हणत नाही.

चेंडूचं निराळंच.
पासष्टचा त्याला, पंचावन्नचा मला,
बसल्यावर पावलं जमिनीवर सपाट,
गुडघे कमरेपेक्षा जरासे खाली.
पैसे एकाचेच होते.
मांडून ठेवलेला राखाडी पासष्ट मिलेन्कानं अर्ध्या किमतीत दिला,
फुगलेला, तसाच.

आमच्या टेकडीवर फुगलेली वस्तू चढवायची
म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला विचारा.
एकशे अठरा पायऱ्या.
शंभराव्या पायरीवर ऑक्टोबरचा दक्षिणवारा आला
आणि चेंडू माझ्या मिठीतून निघाला,
न सांगता, घाई नसल्यासारखा, मग घाईनं.
एक कुत्रं. दोन जिरेनियमच्या कुंड्या.
एउलोखियाबाईंची वाळत घातलेली चादर.
अगदी खाली, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन
उलटा चालणारा रामिरो.

'रामिरो! अडव त्याला!'
निबाल्दो ओरडला, आणि हात वर गेला,
उजवा, स्क्रूचा, थेट आभाळात,
जुलैपासून पहिल्यांदा.

मी काही बोलले नाही.
सांगितलं असतं तर लगेच दुखला असता.

रामिरोनं पायानं थांबवला. फुटबॉल खेळलेला माणूस.
त्या बदल्यात आम्हाला दोन किलो मेर्लुसा घ्यावी लागली,
म्हणजे सवलत मासळीतच गेली.

आता पिवळी पट्टी स्वयंपाकघराच्या दाराला असते.
रात्री तो झोपला की मी चेंडूचं बूच काढते,
माझी पावलं टेकतील एवढी हवा सोडते
आणि खिडकीतून बंदरातले क्रेनचे दिवे बघत
हलके हलके वरखाली होत बसते.
कंबर मलाही आहे.

सकाळी तो म्हणतो, गळका दिला त्या पोरीनं.
पंप काढतो. उजव्या हातानं
साठ, सत्तर, ऐंशी.
खांदा कानापासून लांब.

बदलून आणूया का, मी विचारते.

तो कपाळ पुसतो.
राहू दे, म्हणतो, रोज थोडी हवा भरायची, एवढंच ना.