वूच म्हणजे नाव

लिहितात लोड्झ, म्हणतात वूच.
अर्थ विचारला तर तिकिटाच्या खिडकीतली बाई म्हणाली,
होडी. नाव.
मग नदी कुठाय?
आहे की, रस्त्याखालून नेलीय, पाइपातून.
शहराचं नाव नाव, आणि पाणी जमिनीच्या पोटात.
मला ते गाव तिथंच आवडून गेलं.
आमच्या साखर पेठेत नळ चौथ्या दिवशी येतो.

तेवीस किलो सामानात सव्वादोन किलोची चादर.
अम्मानं ती काट्यावर तीनदा ठेवली, तीनदा उचलली,
शेवटी माझे बूट काढले.
शेंगाचटणीच्या डब्यात फ्रँकफुर्टच्या पोलिसानं
आधी नाक घातलं, मग बोट,
मग खोकत खोकत मला जाऊ दिलं.

श्रावंती येमूल हे कुणालाच म्हणता आलं नाही.
हजेरीला मास्तर माझ्यापाशी येऊन थांबायचे,
श्वास घ्यायचे,
आणि मी त्यांची दया येऊन हात वर करायचे.

प्रागला रात्रीच्या बसनं गेले, व्हिएन्नात दिवसभर पायी.
पुतळे पाहिले, पूल पाहिले,
पाहिलं सगळं नव्वदनं गुणून.
कॉफी तीन युरो, तीन नव्वद दोनशे सत्तर,
अम्माच्या हजार विड्या आणि वर थोड्या.
कप खाली ठेवला.
पैसे तर दिले होते, मग पुन्हा उचलला.
फोनवर ती विचारत होती, काय करलालीस गं?
फिरलालेय, म्हटलं.
एकटीच?
एकटीच.
बरंय, म्हणाली, आणि बराच वेळ
नुसता तेंदूची पानं कातरल्याचा आवाज येत राहिला.

वूचमध्ये गिरण्यांचे बाजार झालेत.
लाल विटा धुतलेल्या, धुराडं उभं,
त्याच्याखाली आइस्क्रीमची रांग.
आमच्याकडंही आहे धुराडं, पण त्याच्यावर पिंपळ उगवलाय
आणि त्याच्याखाली कुणी रांग लावत नाही.

एका गिरणीत माग ठेवलेत बघायला.
दुपारी बारा वाजता एक बाई बटण दाबते,
दोन मिनिटं.
धोटा पळाला आणि
माझ्या छातीत अख्खा अशोक चौक सुरू झाला.
बाकीच्यांनी कानावर हात ठेवले.
मी ऐकत होते म्हणून मला कळलं,
डावीकडं एक तार तुटलीय.
कापडात केसाएवढी रेघ पडत चालली होती.
हात आपोआप गेला दोरीच्या पुढं.
बाई ओरडली. रखवालदार आला.
माझ्याकडं विद्यार्थ्याचं ओळखपत्र होतं, वस्त्रशास्त्राचं,
त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाला,
हात लावायचा नाही.

मी सांगितलं नाही त्याला, की आठव्या वर्षी
स्टुलावर उभी राहून मी हीच गाठ मारायचे.
पोलिश भाषेत गाठीला काय म्हणतात
ते सहा महिन्यांत शिकलेच नव्हते.

आता मे महिना आहे. चव्वेचाळीस.
वीज गेलीय म्हणून सगळी गच्चीवर.
अम्मानं बॅग दोनदा उपसली,
चादर कुठाय ते तोंडानं विचारलं नाही.
खोलीतल्या निनोला दिली, मी म्हटलं,
जॉर्जियाची आहे, तिच्या अंगावर कायम ताप.
अम्मा म्हणाली, कोणत्या रंगाची आवडली तिला?
जणू निवडायला दहा होत्या.

नाना पाठीवर पडलेले, डोळे उघडे.
त्यांना मी पूल सांगितले, पुतळे सांगितले, बर्फ सांगितला.
हं, हं.
माग सांगितला तसे उठून बसले.
दिवसाला दोन मिनिटं?
दोनच.
सुट्टी कधी?
सोमवारी.
बोटांवर काहीतरी मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं.
पंधरा दिवसांला एक चादर, म्हणाले, वर्षाला वीस.
तार जोडली का कुणी?
माहीत नाही, म्हटलं.
आणि पांघरतं कोण त्या?

वीज आली. गल्लीभर माग एकामागं एक जागे झाले.
नाना चप्पल शोधत जिना उतरले,
उत्तराला थांबले नाहीत.