चव

आमच्या गावात भिंतीसुद्धा मिठाच्या.
कोल्चानीत पाहुणा आला की हळूच भिंत चाटून बघतो,
मग कुणी पाहिलं नाही ना, म्हणून मागे वळतो.
आम्ही पाहिलेलं असतं.

माझं काम: वाळलेलं मीठ दळायचं,
त्यात आयोडीन मिसळायचं, मापानं,
पिशवी भरून ज्योतीवर तिचं तोंड बंद करायचं.
ओरुरो, ला पाझ, सुक्रे,
कुणाकुणाच्या ताटात माझं मीठ.
आणि माझ्याच मुलीच्या गळ्यात

इथे मी नेहमी थांबतो.

डॉक्टर मामानींनी कागदावर फुलपाखरू काढलं.
सगळ्यांच्या गळ्यात असं असतं, म्हणाल्या.
मग पंख खोडले. एलिदाच्या नाही.
पोटात असतानाच झालं नाही. तुमच्या मिठाचा दोष नाही.
दोनदा म्हणाल्या. मी दोनदा मान हलवली.
तरी त्या रात्री कारखान्यात जाऊन
मापाचा चमचा पुन्हा पुन्हा मोजला.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मीठ कुणाला जागतं?

चौदा महिने आम्ही तिचं कौतुक करत होतो.
रडत नाही, म्हणायचो. दूध प्यायली की झोपते.
आई, म्हणजे दोन्या फोर्तुनाता, शेजारणींना सांगायची,
गुणी पोर दिलं देवानं,
लिंबेरसारखं घर डोक्यावर घेत नाही.
पिवळी दिसायची. आम्ही म्हटलं, ऊन.
जीभ बाहेर यायची. आम्ही म्हटलं, तहान.
हातपाय गार, तर इथे गरम कुणाचे असतात?
टाचेतून घेतलेला रक्ताचा ठिपका
पोतोसीच्या वाटेवर कुठे हरवला, कुणालाच ठाऊक नाही.
एवढासा कागद.
मी अजून बसच्या सीटखाली वाकून बघतो, सवयीनं.

आता ती सव्वीस महिन्यांची.
लिंबेर तिच्याहून तीन आठवड्यांनी लहान:
लामांच्या मागे पळतो, शिव्या शिकलाय.
एलिदा बसते. नीट बसते.
पाठीला उशी न लावता बसली त्या दिवशी
सबिना चुलीकडे तोंड करून बराच वेळ उभी होती.

नर्स देल्फिना फॉर्म भरते.
धरून उभी राहते? कधी कधी.
दोन शब्द जोडते? नाही.
एक? "म".
म म्हणजे काय?
म म्हणजे सगळं, मी म्हटलं.
देल्फिनानं काय लिहिलं ते दिसलं नाही.
नक्कल करते? टाळी, वेडावणं?
नाही.

मला विचारायचं असतं,
गेलेले चौदा महिने गोळीनं परत येतात का.
डॉक्टर मामानी खोटं बोलत नाहीत,
म्हणून विचारत नाही.

पहाटे पाच. बाहेर उणे बारा.
अर्धी गोळी चमच्यात चिरडायची,
थेंबभर पाणी, मग अर्धा तास पोटात काही नाही.
आज तिनं चमच्यालाच हात मारला.
गोळीचे तुकडे उडाले, घोंगडीत गेले,
आणि घोंगडीत मीठ तर असतंच,
माझ्या बाह्यांतून, भुवयांतून सांडलेलं, वीस वर्षांचं.
गोळ्या मोजून मिळतात. पुढची बस गुरुवारी.

गुडघे टेकले. बॅटरी दातांत धरली, मग काढून ठेवली,
कारण जीभ लागणार होती.
पांढरा खडा उचलायचा, जिभेच्या शेंड्याला लावायचा.
खारट.
खारट.
खारट.
हा बेचव. हा तिचा.
खारट.
हा पण तिचा.

मान वर केली तर एलिदा बघत होती
माझ्या तोंडाकडे, एकटक.
जीभ बाहेर.
ती तर नेहमीच असते, सबिना म्हणाली.
आत घेतली. पुन्हा बाहेर काढली.
सबिना काही बोलली नाही.

मी माझी पुन्हा काढली,
पाहुण्यांसारखी, कुणी बघत नसल्यासारखी,
आणि वाट बघतोय.